पात संपली की पाणी

इंदूबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात चहा-समोशाचा छोटा कार्यक्रम झाला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, इंदूबाईंनी बावीस वर्षं प्रामाणिकपणे सेवा केली, त्या वेळेवर आल्या, त्यांनी स्वच्छता राखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर वेळेवर त्या क्वचितच आल्या, कारण मूर्तिजापूरहून रोजचं अपडाऊन आणि गाडीचा काही भरवसा नाही. स्वच्छतेवरून तर आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजायचंच. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मी विमल, लहान मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आता मीही घरीच असते. माहेर अमरावतीचं, वडील हेडमास्तर. आमच्याकडे चपला दारात सरळ रेषेत नसल्या तर जेवायला उशीर व्हायचा. तीच सवय मी वॉर्डात नेली. चादरीला सुरकुती नको, खाटेखाली पिशवी नको, पेशंटच्या भांड्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी नाकारत नाही.

इंदूबाई वॉर्डातल्या आया. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पदर कमरेला खोचलेला. नवरा गेल्यावर दवाखान्यात लागल्या, त्याआधी पंधरा वर्षं लोकांच्या वावरात निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला, जायच्या. वॉर्डात शिरताना दारात क्षणभर थांबायची त्यांची सवय होती. कोणतं पोर रडतंय ते ऐकायचं, मग झाडू घ्यायचा. मी म्हणायची, "इंदूबाई, आधी झाडू, मग कान." त्या म्हणायच्या, "कान फुकट हाय, सिस्टर. त्याले येळ लागत नाई."

आचल आमच्याकडे आली ती पोळ्यानंतरच्या आठवड्यात. नऊ वर्षांची मुलगी, हिवरखेडजवळच्या एका खेड्यातली. उजव्या नडगीच्या हाडात पू झाला होता. ऑपरेशन करून तो काढला आणि पुढचे चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, शिरेतून औषध द्यायचं ठरलं. आमचे बालरोगतज्ज्ञ अद्वैत सर वयानं माझ्या भाच्याएवढे, बोलणं मोजकं. आचलच्या आईला, सीमाला, त्यांनी समोर बसवून सांगितलं, "चौदा दिवस पूर्ण झाले तर पोरगी धावेल. मध्येच तुटलं तर पू परत होईल, आणि मग त्या पायाचं मी काही सांगू शकत नाही."

सीमानं मान हलवली. एक गोष्ट मात्र तिनं आम्हाला सांगितली नव्हती. "थोडी हट्टी हाय, बोलत कमी," एवढंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाहून माणसं आली. आपल्याकडे कुणी दवाखान्यात असलं की भेटायला जायचं, ही रीतच आहे. न जाणारा कायमचा लक्षात राहतो. टेम्पोभर माणसं आली, केळी आणली, बिस्किटं आणली, आणि सगळी खाटेभोवती उभी राहिली. प्रत्येकानं आचलच्या तोंडावरून हात फिरवला. प्रत्येकानं विचारलं, "मले ओयखलं का व?" सातव्या की आठव्या हाताला आचलनं जी किंकाळी फोडली, ती मी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत ऐकली नव्हती. तिनं डोकं गजावर आपटलं, हातातली सुई उपसून काढली, केळी भिरकावली. मी माणसांना हाकललं. संध्याकाळच्या औषधाची वेळ झाली तेव्हा ती कुणालाही जवळ येऊ देईना. मग मी तिचे दोन्ही हात पट्टीनं गजांना बांधले. मीच बांधले, दुसऱ्या कुणी नाही. नवी सुई लागली, औषध गेलं. बांधलेली असताना ती रडत नव्हती, एकाच सुरात कण्हत होती, आणि ते ऐकून शेजारच्या खाटांवरच्या दोन बाया आपापली पोरं घेऊन व्हरांड्यात जाऊन बसल्या.

इंदूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळचा चहाही आणून दिला नाही.

नंतर सीमानं पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. दोन वर्षांपूर्वीचा, ऑटिझमचा. मराठीत स्वमग्नता म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं आचलला पाहिलं नसावं. बाहेरचं सगळंच तिच्यावर एकदम येऊन आदळत होतं: पंख्याची खरखर, फिनेलचा वास, अनोळखी हात. आणि पुढच्या क्षणी काय होणार हे तिला कुणी सांगत नव्हतं. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मी सीमावरच डाफरले, "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुमी घेतलं नसतं, मॅडम. एका ठिकानी म्हनले, आधी हिले शांत करून आना."

"बाप्पा," इंदूबाई मागून म्हणाल्या, "लेकरू हाय का दूध हाय, थंडं करून आनाले?"

मग त्या सरळ आचलच्या खाटेजवळ जमिनीवर जाऊन बसल्या. तिच्याकडे पाहिलं नाही, तिला हाकही मारली नाही. खालूनच सीमाला विचारत राहिल्या. घरी कोन जेवू घालते? कायचा आवाज नाई चालत? तू वावरात गेली की हे कोनापाशी राहते?

"माह्याच संगं येते," सीमा म्हणाली. "मी निंदाले बसली की हे धुऱ्यावर बसते. पात संपलोरी हालत नाई. पात संपली की मी तिले पानी पाजतो, मंग दुसरी लावतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निंदायला बसलेल्या प्रत्येक बाईला पिकाच्या काही ओळी वाटून दिलेल्या असतात, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. तीच तिची पात. पात संपली की बाई कंबर सरळ करते, पाणी पिते. मध्ये उठायचं नाही, आणि संपल्यावर तिला कुणी काम सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई आल्या त्या पदराच्या गाठीत सरकी, म्हणजे कपाशीचं बी, बांधून. घरी म्हैस होती, तिच्या ढेपेशेजारी सरकीचं पोतं असायचं. मी औषधाचा ट्रे घेऊन गेले तर आचलच्या खाटेशेजारच्या टेबलावर सात सरक्या एका ओळीत मांडलेल्या आणि शेवटी स्टीलच्या पेल्यात पाणी.

"हा काय कचरा?" मी म्हटलं. "वॉर्डात मुंग्या आणायच्या आहेत का? आणि तिनं तोंडात टाकली म्हणजे?"

"मी बसली हाय इथं. मोजून आनल्या, मोजून नेतो," इंदूबाई म्हणाल्या. "तुमी फक्त एक काम करून थांबा. मी म्हनीन तवाच दुसरं."

मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला, इंदूबाईंनी पहिली सरकी उचलून तळहातावर घेतली. "एक गेली." सुईवरची पट्टी सोडली, दुसरी गेली. गार कापूस फिरवला, तिसरी. आचल माझ्याकडे पाहत नव्हती, तिची नजर त्या ओळीवर होती. औषध जाताना झोंबतं, तेव्हा तिनं खांदे कानापर्यंत नेले, पण हात ओढला नाही. सातवी सरकी उचलली तशी इंदूबाई म्हणाल्या, "पात संपली." आचल म्हणाली, "संपली." तिला शेवटचा शब्द तेवढा परत म्हणायची सवय होती. मग तिनं पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं.

हात बांधायची पट्टी मी कपाटात ठेवून दिली.

त्यानंतरचे दिवस सुरळीत गेले. खाट कोपऱ्यात हलवली, तिच्यावरची ट्यूबलाइट बंद ठेवली, तिच्याकडे शक्यतो मीच जायचं ठरवलं. चौथ्या दिवसापासून सरक्या आचल स्वतः उचलू लागली. बोटांत फिरवून त्यांच्यावरचा उरलासुरला कापूस चिमटीनं काढत बसायची. भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्तही इंदूबाईंनीच केला. त्या दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पोरगी झोपली हाय. पन तिच्या मायले कोनी इचारलं का? आठ दिसांपासून एकटी हाय थे." मग व्हरांड्यात सतरंजी पडायची, गावच्या बाया सीमाभोवती बसायच्या, डबे उघडायचे, सीमा त्यांच्यापाशी पोटभर बोलायची, कधी रडायची. भेटीची रीतही राहिली आणि आचलची खाटही मोकळी राहिली. पोरगी बहुतेक वेळा टक्क जागी असायची. मी एकदा म्हटलं, "इंदूबाई, किती खोटं बोलता." त्या म्हणाल्या, "गप पडली की झोपलीच समजाचं."

नवव्या दिवशी मी घाण केली.

सकाळचं औषध झालं होतं. सातवी सरकी आचलच्या मुठीत, पेला ओठाशी. तेवढ्यात अद्वैत सर राउंडवर आले, फाईल पाहून म्हणाले, "सिस्टर, आज रक्त तपासायला हवं होतं. आता घेऊन टाका, लॅबचा माणूस खालीच आहे."

"सिस्टर," इंदूबाई हळूच म्हणाल्या, "पात संपली."

"एका मिनिटाचं काम आहे," मी म्हटलं.

खरंच एका मिनिटाचं होतं. मी आचलचा मोकळा हात धरला. मला वाटलं होतं, आता ती माझ्या ओळखीची झाली, चालून जाईल. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. त्या अख्ख्या मुक्कामात तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. मग पेला भिंतीवर गेला, आणि माझ्या मनगटावर तिचे दात रुतले. तो वण अजून आहे. तिच्या हातातली सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं, आणि ती खाटेच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी इंदूबाईंनी सरक्या मांडल्या तर तिनं हातानं सगळ्या खाली लोटल्या. औषध चुकलं.

अद्वैत सर म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत पाहू. नाही जमलं तर हात बांधून द्यावं लागेल. किंवा नागपूरला पाठवू, तिथं भूल देऊन मोठ्या शिरेत नळी घालतील. पाच दिवस राहिलेत सिस्टर, ते सोडता येणार नाहीत." सीमा ऐकत होती. तिनं आचलच्या बँडेज केलेल्या पायावर हात ठेवला.

मला राग आला, आणि तो नेहमीप्रमाणे चुकीच्या दारात गेला. कपडे धुवायच्या खोलीत मी इंदूबाईंना गाठलं. "तुमच्या त्या सरकीनंच हे झालं. तिला लाडावून ठेवलंत. दवाखाना म्हणजे वावर आहे का?"

इंदूबाई चादर पिळत होत्या. ती दोरीवर टाकून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक मालक होता. दिवसभराच्या पाती झाल्या, आमी हात धुतले, तवा म्हने एवढी अर्धी पात काढून द्या, सूर्य वरच हाय. काम अर्ध्या घंट्याचं होतं, सिस्टर. आमी काढून बी देल्ली. पन दुसऱ्या दिशी त्याच्या वावरात एकबी बाई गेली नाई. चार दिवस गेली नाई. वावरात गवतच गवत."

"मग?"

"मंग त्याची बायको आली. घरंदाज बाई, कदी वावरात बसली नवती. आमच्यासंगं ओयीत बसली आन् एक पात तिनं काढली, या धुऱ्यापासून थ्या धुऱ्यापर्यंत. बोटं सोलली तिची. माफी-बिफी काई मांगतली नाई. पात संपली तवा आमी तिले आमच्या गडव्यातलं पानी देल्लं. दुसऱ्या दिशी सगळ्या गेलो."

त्या माझ्या मनगटाकडे पाहत म्हणाल्या, "शब्द मी देल्ला होता पोरीले. मोडला तुमी. मले आता तिच्यापाशी तोंड नाई."

रागावून घेणं मला सवयीचं होतं, कारण वडील रागवायचे. पण या बाईनं मला रागावलं नव्हतं, आणि म्हणून ते जास्त लागलं. खरं म्हणजे मला लाज वाटली.

दहाव्या दिवशी सकाळी मी आचलच्या खाटेसमोर जमिनीवर बसले. युनिफॉर्मात, फरशीवर, सगळ्या वॉर्डासमोर. मधे स्टूल ठेवलं. इंदूबाईंनी त्यावर सात सरक्या मांडल्या आणि शेवटी पाण्याचा पेला. अद्वैत सरांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, रक्त माझं घ्यायचं. ते जरा हसले, पण आले, आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"ट्रे आला," मी म्हटलं. इंदूबाईंनी सरकी उचलली. पट्टा बांधला, दुसरी गेली. आचल भिंतीकडे तोंड करूनच होती. गार कापूस. चौथ्या सरकीला सुई. सरांना माझी शीर पहिल्यांदा सापडली नाही, आणि मी "आई गं" म्हणाले. ते नाटक नव्हतं, चांगलंच दुखलं. दुसऱ्यांदा जमलं, नळीत रक्त आलं, पाचवी गेली. तेव्हा खाट करकरली. आचल वळून ओळीकडे पाहत होती. कापूस दाबला, सहावी.

सातवी सरकी उचलायला इंदूबाईंनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. बराच वेळ गेला. मग आचल खाटेवरून वाकली, तिनं माझी सातवी सरकी उचलली आणि म्हणाली, "संपली."

पाणी तिनं दिलं नाही. पेला तसाच राहिला. औषधही तिनं त्या सकाळी घेऊ दिलं नाही, आणि मी मागे लागले नाही. संध्याकाळी इंदूबाईंनी तिच्यासाठी नवी पात मांडली, सुई नव्यानं टोचायची म्हणून नऊ सरक्यांची. आचलनं त्या दोनदा बोटानं मोजल्या आणि हात पुढे केला. शीर पहिल्याच वेळी मिळाली.

चुकलेल्या औषधांपायी मुक्काम एका दिवसानं वाढला. पंधराव्या दिवशी सकाळचं शेवटचं औषध झालं, सातवी सरकी उचलली, पाणी पिऊन झालं. सीमानं पिशवी भरून ठेवली होती, दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. अद्वैत सर आले. "छान. सुट्टीच्या आधी एकदा रक्त पाहून घेऊ. सिस्टर, घ्या आत्ताच."

एकोणतीस वर्षांत मी राउंडवर डॉक्टरांना नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, पात संपली. उद्या सकाळी घेते."

"सुट्टी एक दिवस पुढे जाईल, सिस्टर. खाट लागणार आहे मला."

"जाऊ दे, सर."

सरांनी सीमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहतो आमी, डॉक्टरसाहेब." सरांनी पेन खिशाला लावलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. आम्ही सगळे आचलच्या डोक्यावरून बोलत होतो, ती ऐकत असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं इंदूबाईंचा पदर ओढला, गाठ सोडली, त्यातून एकच सरकी काढली आणि टेबलाच्या बरोबर मधे ठेवली. उद्याची.

ती सरकी रात्रभर तिथंच राहावी म्हणून मी टेबल पुसायला येणाऱ्या बाईला ताकीद दिली. हीच मी, जिनं त्याच टेबलावरच्या सरकीला कचरा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरची गाडी वेळेवर आली आणि इंदूबाई माझ्याही आधी वॉर्डात हजर होत्या. आचलनं हात स्वतःच पुढे केला. मी रक्त घेतलं, कापूस दाबला. तिनं ती एक सरकी उचलली. "संपली," या वेळी कुणी म्हणायच्या आत तीच म्हणाली. पेला उचलून अर्धं पाणी प्यायली. मग उरलेलं पाणी तिनं माझ्यापुढे धरलं.

पेशंटच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही, हा वॉर्डातला नियम माझाच होता, भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला. मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

मी पेला घेतला आणि पाणी प्याले.